डाव्या तोंडाचा डोळा

आप्पा, आज भाताच्या कणगीमागून तुम्ही रंगवलेला ब्रह्मदेव निघाला. आतल्या खोलीत तुमची नात अडली आहे. सकाळपासून कळा येताहेत, तिन्हीसांजा झाल्या तरी सुटका नाही. सुईण चांगली आहे, पण मघापासून ती बोलायची थांबली आहे, आणि बोलकी बाई गप्प झाली की काहीतरी बिघडलं समजावं. माझे जावई पापनाशमला कचेरीत. त्यांना निरोप गेला आहे. मी तुमच्याच माजघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, हिला बरी वेळ सुचली. पण हाताला काही चाळा नसेल तर मी ओरडेन, आणि ओरडायचा मान आज तिचा आहे.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. राज्य खालसा झालं होतं, राजवाड्यातलं काम बंद पडलं होतं आणि तुम्ही साहेबलोकांना देव रंगवून देत होतात. त्यातल्या एकाला सगळे देव हवे होते, ब्रह्मदेवासकट. आईने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "ज्याला कोणी पूजत नाही त्याला घरात कसाला आणता?" ती म्हणाली. "तिकडे कंडियूरला शिवाने त्याचं शीर छाटलं, ठाऊक अहे ना? उपाशी देव अहे तो." तुम्ही फणसाच्या फळीवर खडूचा लेप घोटत होतात. हसून म्हणालात, "उपाशी असेल, पण कपाळावर लिहिणारा तोच. तुझं माझं त्यानेच लिहिलं."

डोळे उघडायच्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे आंघोळ करून, काही न खाता बसलात. देवाच्या डोळ्यात बुबुळ दिलं की त्याची पहिली नजर माणसावर पडू नये, म्हणून आई मान खाली घालून समोर आरसा धरायची. मी बाजूच्या कोपऱ्यात चित्रात जडवायचे काचेचे खडे पुसत बसायची. राम असो, बाळकृष्ण असो, एक तोंड, एक आरसा. माझ्या कोपऱ्याला कधी धोका नव्हता. ब्रह्मदेवाला तोंडं चार आणि चित्रात दिसतात तीन, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं? तरी सवयीने आरसा एकच काढला गेला. मधल्या तोंडाचे डोळे झाले. बाजूची तोंडं अर्धी दिसतात, एकेका डोळ्याची. उजव्याचा झाला, त्याच्यापुढे भिंत होती. तुम्ही डाव्याकडे वळलात आणि आईने मान वर केली. "अगबाई, पोर! पोर बसली अहे तिकडे!" मी वर पाहिलं तेव्हा तुमचा कुंचला फळीशी होता. तुम्ही माझ्याकडे वळलात. मग म्हणालात, "काही झालं नाही. जा, हातपाय धू." माझा विश्वास बसला नाही, आप्पा. तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आईने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. पुढे साहेबाची बदली झाली आणि चित्र आपल्याच गळ्यात पडलं, कारण ब्रह्मदेव दुसरं कोण घेणार? आई म्हणाली, कावेरीत सोडा. तुम्ही म्हणालात, "नक्को," आणि भिंतीकडे तोंड करून तो कणगीमागे ठेवलात. कोणी वळवायचा नाही, एवढीच ताकीद. तेव्हापासून आईने मला एकाही बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. कपाळ लिहिणाऱ्याची कोरी नजर हिच्यावर पडली, काय लिहिलं गेलं कोणास ठाऊक, ते दुसऱ्याच्या लेकराला लागायला नको, असं तिचं म्हणणं. माझी पहिली दोन मुलं जन्मताच गेली तेव्हा ती उशाशी बसून म्हणाली, "कसाला रडतेस? तुझ्या हातचं काय अहे?" मला ते पटलं. रडताना मी त्या डोळ्याला शिव्या दिल्या. तिसरी जगली, तर तिच्याकडे डोळे भरून पाहायलाही मी भ्यायले. आज तीच आत आहे. सारखी हाक मारते, "आई, आत ये ना," आणि मी दाराबाहेरून म्हणते, "इथेच आहे गं."

दुपारी सुईणीने जुनं मऊ लुगडं काढून ठेवायला सांगितलं. पेटी कणगीच्या मागे. ती ओढताना चित्र उताणं पडलं. मी डोळे गच्च मिटून घेतले. त्यापेक्षा अंगावर साप पडला असता तर बरं, असं वाटलं. मग पाहिलं. सोनं अजून तसंच लखलखीत आहे. मधल्या तोंडाचे दोन डोळे, उजव्याचा एक. डाव्याचा डोळा नुसता पांढरा. दिवा जवळ नेला. बुबुळ पुसलेलं नाही, कधी दिलंच नव्हतं.

म्हणजे तुम्ही हात आवरलात. माझ्यासाठी देव अर्धा ठेवलात. कोणता चितारी हे चारचौघांत सांगेल? म्हणून ते भिंतीकडे तोंड आणि म्हणून ती ताकीद. त्याला आंधळा ठेवला म्हणून तुम्ही भीत होतात, त्याने मला पाहिलं म्हणून मी भीत होते, आणि दोघं एकाच पंगतीला बसून जेवत होतो. सांगायचं होतंत हो! मी रागावले आहे तुमच्यावर. पण राग टिकत नाही, कारण त्याच्या मागून दुसरी भीती येते. त्याने मला पाहिलंच नव्हतं, तर माझी मुलं कशाने गेली? आणि आज आत काही वाईट झालं, तर कोणाला शिव्या देऊ?

सुईण लुगडं मागते आहे. लेकीनेही पुन्हा हाक मारली. हे कुठे पाठवायचं ते तुम्ही सांगून गेला नाहीत, तेव्हा तुमच्या देवाच्या मागेच ठेवते. त्याला मात्र आता भिंतीकडे वळवत नाही. एक खरं सांगते, आप्पा. त्या डोळ्याच्या भीतीआड मी बरी लपले होते. दाराबाहेर थांबायला कारण होतं. ते तुम्ही आज काढून घेतलंत. मला तिचं मरण पाहायची भीती वाटते. वाटतेच आहे. जाते आत.