साडेदहाची वेळ

१२ मार्च
आज कामावर गेले. पोटातलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं त्याला नऊ दिवस झाले. नऊच!

आमची फोनची खोली दवाखान्यापासून दोन चौक लांब. दवाखान्यातली माणसं आम्हाला फक्त आवाजाने ओळखतात. उद्याच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन लावायचा – "उद्या तपासणी आहे, येणार ना?" – आणि 'येणार', 'नाही', 'उचलला नाही', यातल्या एकावर खूण करायची. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी गरोदर बायकांची यादी माझ्यापुढून ओढून घेतली. "तू दातवाले घे. ते रडतात, पण रडवत नाहीत." हसले मी. हसता आलं.

१५ मार्च
सासूबाई म्हणाल्या, "अंग भरून येईल गं. मनाला तेवढं बजाव." बजावलं.

हे रोजच्यासारखे कामाला जातात. काल नळाचा वॉशर बदलला, आज शर्टांना इस्त्री. दवाखान्यातून आल्यापासून त्या विषयावर एक शब्द नाही. यांचं काहीच गेलं नाही का? विचारायला तोंड उघडलं आणि "कुलूप लावलंत ना?" एवढंच विचारलं.

१९ मार्च
दूध उतू गेलं. मी समोरच उभी होते.

२५ मार्च
ताई आज उशिरा आल्या, म्हणून गरोदर बायकांची यादीही माझ्याकडे. सातवं नाव माझं. उद्या साडेदहा, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. वेळ आधीच घेतलेली, रद्द करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आल्या आल्या ताईंनी पाहिलं. "अगं बाई! दे इकडे, मी खोडते."
"राहू द्या, मी करते."

'येणार'वर खूण केली. खूण अगदी सरळ उमटली, त्याचीच भीती वाटतेय. वेड लागतं ते असंच लागतं का?

२६ मार्च
ऑफिसला म्हणून निघाले आणि दवाखान्यात जाऊन मागच्या रांगेत बसले. तपासायला काही नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बसले. साडेदहाला नाव पुकारलं. उठले.

पहिल्या रांगेत हेही उठले. हातात माझी फाईल. फॉर्मवर नंबर यांचा, 'येणार'वर खूण झाली की जाणारा आठवणीचा मेसेज यांना गेलेला.

मला पाहून तिथेच थांबले. "रद्द करायला आलो होतो," म्हणाले. "आठपासून बसलोय."