दगड लावण्याआधीची हाक

१२ नोव्हेंबर १९७२

आलो बुवा एकदाचे! शहरात सात रस्ता नाक्यावर पाठीवर पोती वाहिली, मग किराणा दुकान काढलं, आणि आज सांगोल्याच्या माळावर स्वतःच्या दगडी घरात पाय पसरून बसलोय. माझे कान तिखट. रेशनच्या मिलो ज्वारीच्या रांगेत माणसं ओरडत होती तोवर मी निर्धास्त होतो. ती कुजबुजायला लागली तसं दुकान विकलं. दुष्काळानं सगळं कोलमडणार, दुकानं फुटणार. इथं विहीर आहे, मागच्या अंगणात धान्याचं पेव आहे. बायको, सारजा, थट्टेनं माझं नाव घेऊन म्हणते, हिंदुरावांनी परलय आल्यागत सामान भरलंय की!

१५ नोव्हेंबर

साठा करणं म्हणजे नुसतं रचणं नव्हे. रॉकेलचे डबे पिठाशेजारी ठेवले, भाकरीला रॉकेलचा वास. गुळाला मुंग्या, म्हणून मडकी पाण्याच्या परातीत ठेवली. सारजा करवादली, माणसाला प्यायला पाणी न्हाय अन् मुंग्यांना तळं! ट्रान्झिस्टरचे सेल मात्र मी जिवापाड जपतोय.

१९ नोव्हेंबर

ज्वारी पेवात गेली. जमिनीखाली खोलीएवढा खड्डा, तोंड मात्र एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. शेजारचा धनगर धुळाप्पा पोती ओतत होता, त्याचा जावई भिमा आत उतरून ज्वारी पसरत होता. इकडची रीत अशी की दगड लावण्याआधी मालकानं तोंडाशी वाकून विचारायचं, ‘आत कोन हाय का?’ आणि कान देऊन ऐकायचं. अशा दिवसांत माळावर बोंब मारून पेवाचा पत्ता कोण सांगणार? मी वाकलो आणि न विचारताच हसत माझं मीच उत्तर दिलं, ‘कोनी न्हाय, लावा दगड!’ धुळाप्पा हसला नाही. तो पोती आणायला आत-बाहेर करत होता, तेवढ्यात भिमा मेंढरांकडे गेला असणार.

२० नोव्हेंबर

धुळाप्पा विचारत आला. भिमा घरी पोचला नाही. मी म्हणालो, सांगोल्याला जाऊन गाडी धरली असेल, कामाच्या शोधात. जावई पाव्हणा न सांगता जायचा न्हाय, म्हणाला. तो गेल्यावर पेवाशी बसलो.

दगडाखाली नखं वाजत होती.

उघडलं असतं तर भिमा बोंबलत बाहेर आला असता, आणि त्याच्यामागं अख्खं गाव ज्वारीवर. मी ट्रान्झिस्टर दगडावर ठेवला. मोठ्यानं लावला. सेल जळाले तर जळोत.

२२ नोव्हेंबर

आवाज थांबला. सारजाला सांगितलं, उंदीर होते.

९ डिसेंबर

घरातलं पीठ संपलं. सारजा विहिरीवर होती तेव्हा पेव उघडलं. कोंडलेली हवा जाऊ दिली, मग कंदील सोडला. दगडाच्या लगेच खाली भिमा. बोटांची टोकं झिजून हाडं उघडी. त्याला ओढून खाली ज्वारीत पुरलं. वरची ज्वारी दळायला काढली.

दुपारी सारजा ज्वारी निवडत बसली. सुपात माणसाचं नख आलं.

१० डिसेंबर

सारजा ओरडत माळावर पळाली. ओढून आणली. तोंड दाबलं. चावली— आणखी दाबलं. फक्त गप्प करायचं होतं. जरा जास्तच वेळ—

तीही पेवात.

संध्याकाळी पेवात कोणीतरी ज्वारी निवडत होतं. सूप पाखडल्याचा आवाज. मला चांगलं ऐकू येतं. दुर्दैव.

११ डिसेंबर

गाव आलं. सारजाचं ओरडणं कुणीतरी ऐकलं असणार. कुऱ्हाडी. दार फोडतायत. मी पेवात, ज्वारीत छातीपर्यंत. ज्वारीत अर्ध्या पुरलेल्या बॅटरीच्या उजेडात लिहितोय—

घरात डबे फोडले. मला शोधतायत. धुळाप्पा शपथा घेतोय, दिसला की खांडोळी—

पेवाशी आले. धुळाप्पा म्हणतोय, ज्वारी सकाळी गाड्या आणून नेऊ, तवर दगड लावा. कुणीतरी म्हणतंय, हाक दे आधी, रीत हाय—

ओरडायचं. कुऱ्हाड परवडली. ही हवा नको. सेल उतरले, उजेड आत्ताच मंदावला—

वाकला. विचारतोय, ‘आत कोन हाय का?’

तोंड उघडलं— तोंडावर हात आला. मागून. बोटांना टोकं नाहीत—

आणि कानाशी, माझ्याच आवाजात, हसत— ‘कोनी न्हाय, लावा द