प्रत्यक्ष भेट: हो

११ जुलै २०२२, सोमवार. तंजावर

पुण्याच्या हेड ऑफिसहून मृणालची मेल. साथीनंतर संस्थांना पुन्हा उभं करायला ट्रस्टचा नवा निधी. माझ्या भागातल्या सात संस्था निवडल्यात, पहिलंच नाव अमिर्तम अक्कांचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे घरी नर्स पाठवणारी त्यांची संस्था, पापनाशमची. निधी कुणाला, तर साथीत ज्यांचं काम बंद पडलं त्यांना. बंद पडलं हे पुण्याला कुठून कळलं, तर माझ्या रिपोर्टवरून.

आधी आनंद झाला. मग ताटातला डोसा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. श्रीने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही. नवऱ्याला आमची तंजावरी मराठी बोलता येते, बाळबोध लिपी वाचता येत नाही. मला अप्पांनी शिकवली, पुढे पुण्यात शिकताना पक्की झाली. तिचा आता एवढाच उपयोग की ही वही टेबलावर उघडी टाकली तरी चालते.

१३ जुलै, बुधवार

पापनाशमला, सकाळच्या पॅसेंजरने. ऑफिस म्हणजे भाताच्या गिरणीमागची एक खोली. साथीआधी पाच नर्स होत्या, आता मल्लिका आणि जयंती. भिंतीवर चेल्लमचा फोटो, त्याला अबोलीचा ताजा गजरा. चेल्लम दुसऱ्या लाटेत गेली. पेशंटकडे जाता-येता ताप घेऊन आली. कुठल्या घरातून, कोण सांगणार.

हे. ऑ. ची नवी सूचना: देणाऱ्याने आधी ऐकून घ्यावं. म्हणून विचारलं, अक्का, तुम्हांला काय हवंय, मोकळेपणी सांगा. अक्का साठीच्या पुढच्या, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. ताठ बसून धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं: क्षमताबांधणी, डिजिटल नोंदी, नेतृत्वाचं प्रशिक्षण. हे सगळे शब्द मीच त्यांना शिकवलेत, अर्ज पास व्हावेत म्हणून. आता ऐकायला बसले तर माझंच बोलणं परत आलं.

खरं काय ते मल्लिकाने बस स्टॉपवर सांगितलं. दोघींचा पगार आणि रिक्षा, बस्स. ऑगस्टअखेरपर्यंत अक्का स्वतःच्या पेन्शनमधून रेटतील, मग कुलूप. पेशंटच्या घरच्यांना अजून माहीत नाही.

१८ जुलै, सोमवार

निधीचा फॉर्म आला. संस्थांना त्रास नको म्हणून हे. ऑ. ने जुन्या फाइलवरून भरूनच पाठवलाय, खाली फक्त सही करायची. हेतू चांगला आहे, नाही म्हणायला जागा नाही. चौथा रकाना: मे २०२१पासून काम पूर्ण बंद. त्याखाली: प्रत्यक्ष भेट, हो. पुढे माझं नाव.

संध्याकाळी अक्कांचा फोन. रागावल्या नाहीत.

"मॅडम, आमचं काम एक दिवससुद्धा बंद नव्हतं. आणि तुम्ही कधी आलात?"

मी म्हटलं आवाज नीट येत नाही, नंतर बोलू. आवाज स्वच्छ येत होता.

२० जुलै, बुधवार

लिहून टाकते, नाहीतर इथेही खोटं चालू होईल.

गेल्या वर्षीचा मे. लॉकडाऊन, बस बंद, पण माझ्याकडे फिरायचा पास होता. ट्रस्ट गाडीही द्यायला तयार होता. समोरच्या घरातले दोघे एका आठवड्यात गेले होते आणि मी दिवसातून चारदा दाराची कडी पुसत होते. रिपोर्ट द्यायचा शेवटचा दिवस आला. अक्कांच्या ऑफिसचा फोन तीनदा लावला, कुणी उचलला नाही. मोबाइल नंबर होता. तो लावला नाही. लावला असता तर त्या म्हणाल्या असत्या, या, बघून जा. मग जावं लागलं असतं.

लिहिलं, काम बंद. प्रत्यक्ष भेट: हो. मग उठून कॉफी केली.

त्या रिपोर्टवर ट्रस्टने पुढचा हप्ता थांबवला. हप्ता थांबला म्हणून नर्सेसना नेणारी रिक्षा थांबली. आणि ऑफिसात फोन उचलला नाही, कारण सगळ्याजणी पेशंटकडे होत्या. एवढं सरळ होतं. हे तेव्हा सुचलं नाही असं म्हणवत नाही, सुचू दिलं नाही.

वर्षभर मनाशी म्हणत आले, त्या दिवसांत कितीतरी लोकांनी असंच केलं असेल. केलं असेल. त्यांचं त्यांच्याजवळ.

२२ जुलै, शुक्रवार

श्रीला सांगितलं. अर्धंच. गेले नव्हते हे सांगितलं, रिक्षाचं गिळलं.

तो म्हणाला, "सरी, बरं. पैसा तर त्यांसच जाणार नं? सही करूं दे. आतां कोण विचाराला येणार?" मग थोड्या वेळाने, पेपर वाचता वाचता, "तूं येकटी जाऊन काय करणार होतीस त्या वेळीं."

रसमला उकळी येईपर्यंत बरं वाटलं.

२५ जुलै, सोमवार

अक्कांकडे गेले. सही करा असं सांगायला. लिहिताना लाज वाटते, पण त्यासाठीच गेले होते. म्हटलं, नुसता कागद आहे, अक्का. मल्लिका-जयंतीचा विचार करा, पेशंटचा करा. तळमळीने बोलले. मला बोलता चांगलं येतं, त्याचाच पगार घेते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. उठून कपाटातून एक शाळकरी वही काढली. चेल्लमच्या भेटींची. तमिळ, बारीक अक्षर. तारीख, गाव, नाव, काय केलं. पाठीची जखम धुतली. लघवीची नळी बदलली. सुनेला पेशंटची कूस बदलायला शिकवलं. मेच्या मध्यापासून समासात, कशाने गेली तेही: चालत. दुधाची गाडी. चालत. दुधाची गाडी. लॉकडाऊनमध्ये दुधाच्या गाड्या तेवढ्या चालू होत्या.

पानं उलटता उलटता आमच्या गल्लीचं नाव आलं. दूध तंजावरलाच येतं, त्या गाडीने आली होती. आमच्यापासून दोन घरं सोडून नारायणराव, शेवटचे चार महिने अंथरुणात होते, त्यांच्याकडे. रिपोर्ट पाठवल्यावर आठवड्याने, रिक्षा नुकतीच थांबली होती. आणि मला ती आठवली. तोंडावर प्लास्टिकची काच लावलेली एक बाई, त्यांच्या पायरीवर बसून बाटलीतलं पाणी पीत होती. मी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. कोण, काय, काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर तेव्हाही रिपोर्ट परत घेता आला असता.

अक्का म्हणाल्या, "मी सही केली तर चेल्लम कुठे जाऊन मेली? तिच्या आईला काय सांगू? काम बंद होतं आणि तुमची मुलगी उगाच गावभर फिरत होती?"

फॉर्म पिशवीत घालून परत आणला.

२८ जुलै, गुरुवार

मृणालला लिहिलं: त्या काळात संपर्क न झाल्यामुळे माझ्याकडून चुकीची नोंद झाली, संस्थेचं काम चालू होतं. तासाभरात उत्तर. गोड मुलगी आहे. ताई, तेव्हा सगळ्यांचंच असं झालं, मनाला लावून घेऊ नका. फक्त एक अडचण. काम चालू होतं म्हटल्यावर ही संस्था या निधीच्या नियमात बसत नाही. काही नवीन प्रकल्प सुचत असेल तर कळवा, पुढच्या वर्षी बघू.

म्हणजे दाराला कडी लावून बसलेल्यांना उभारी, आणि ज्या चालत राहिल्या त्यांनी नवीन काहीतरी शोधून काढायचं. नवीन काय शोधणार, म्हातारी माणसं तीच आहेत आणि जखमाही त्याच. चांगलीच चिडले. श्रीवर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना.

मग माझंच पत्र पुन्हा वाचलं. संपर्क न झाल्यामुळे. जणू संपर्कच कुठेतरी रुसून बसला होता. गेले नव्हते, हे त्यात नाहीच.

३ ऑगस्ट, बुधवार. आडिपेरुक्कु

नदीला पूर येतो त्याचा सण, म्हणून तिरुवैयारूला, नदीवर. कावेरी दुथडी. पोलीस घाटाच्या पायऱ्या उतरू देत नव्हते, बायकांनी वरूनच फुलं आणि हळदीकुंकू सोडलं. गर्दीत मल्लिका भेटली, बहिणीबरोबर आली होती. बाजूला घेऊन म्हणाली, कुंभकोणमच्या एका खाजगी इस्पितळात सप्टेंबरपासून नोकरी ठरतेय. अक्कांना अजून सांगायचा धीर होत नाही. तुमच्याकडून काही होतंय का, मॅडम? होत असेल तर मी जात नाही.

प्रयत्न चालू आहेत, म्हटलं. तिने डब्यातला लिंबूभात दिला. खाल्ला. नाही कसं म्हणायचं.

५ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरं पत्र. या वेळी सगळं. मी गेले नव्हते. पास होता, गाडी मिळत होती, घाबरून गेले नाही. तरी भेट दिली असं लिहिलं. त्यामुळे हप्ता थांबला, हप्त्यामुळे रिक्षा. त्यानंतर चेल्लम ही नर्स दुधाच्या गाडीतून आणि पायी जात राहिली, आणि जूनमध्ये वारली. ताप कुठून आला ते मला माहीत नाही. रिक्षा का थांबली ते माहीत आहे.

खाली लिहिलं, यांना नवीन काही नको. दोन पगार आणि रिक्षा, तीन वर्षं, सलग. आणि दर महिन्याला पेशंटचे फोटो मागू नका. पाठवलं. नोकरी जाईल बहुधा. जावी असंही वाटतं, जाऊ नये असंही.

अक्कांना फोनवर तमिळमध्ये वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "चेल्लमचं नाव घातलंत?" घातलं. "के. चेल्लम लिहिलंत का?" वडिलांच्या नावाचं अक्षर राहिलं होतं. तेवढं दुरुस्त करून पत्र पुन्हा पाठवलं.

माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीच नव्हती, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

८ ऑगस्ट, सोमवार

मृणालचा फोन. नेहमीसारखं ताई, जेवलात का नाही. विश्वस्तांनी पत्र वाचलं. अक्कांचा विचार वेगळा करताहेत, शुक्रवारी ठरेल, आशा ठेवायला हरकत नाही. माझं काय करायचं तेही तेव्हाच. मग थोडी अडखळली.

"ताई, बाकीच्या सहा ठिकाणी तुम्ही गेला होतात ना?"

म्हटलं, डायऱ्या बघून सांगते. ती म्हणाली, परवा दहापर्यंत यादी द्या, कारण त्यांचे फॉर्म सही होऊन आलेत.

डायऱ्या बघायची गरज नाही. चार ठिकाणी गेले नव्हते. पत्रात सगळं लिहिलं असं शुक्रवारी वाटत होतं. एकाचंच लिहिलं होतं.

९ ऑगस्ट, मंगळवार

चारांतलं एक नाव, ओरत्तनाडूचं अंध मुलींचं वसतिगृह. यादी देण्याआधी विचारून घ्यावं म्हणून सकाळी सेल्वराज सरांना फोन केला, ते आणि त्यांची बायको मिळून ते चालवतात. साथीत वसतिगृह खरंच बंद होतं का?

त्यांना प्रश्नच कळेना. दोनदा विचारल्यावर म्हणाले, अकरा मुलींना घरी न्यायला कुणी आलं नाही, त्या इथेच होत्या. आम्ही दोघं स्वयंपाक करत होतो. बंद कुठलं.

मग सही का केलीत?

"तुम्ही बंद लिहिलं होतंत, मॅडम. तुम्ही येऊन बघून लिहिलं असणार, म्हणून केली. काही चुकलं का?"

म्हटलं, तुमचं नाही. ते खुलले. आभार मानत राहिले. मुलींच्या खोलीवरचे पत्रे सगळे गळतात, निधी मंजूर म्हणून परवा माणसं बोलावलीत, जुने पत्रे काढायला.

मंजूर झालाय असं त्यांना कुणी सांगितलं, विचारायला हवं होतं. मीच सांगितलं असणार, त्या पहिल्या दिवशी, आनंदात. पत्रे काढू नका, थांबा म्हणायला हवं होतं; वसतिगृह चालू होतं म्हटल्यावर हा निधी त्यांनाही नाही. फोन चालू होता तेव्हा म्हटलं नाही. मृणालला यादी उद्या दहाला हवी आहे. अजून सरांना परत फोन केलेला नाही.