हिरव्या पेशी

६ जानेवारी, सोमवार
स्लाइड ओल्या ठेवायचा डबा — मी बनवला. सशांचे पिंजरे — मी. नाकातल्या पेशी खरवडायचा मऊ कुंचला — मी. आणि गेल्या वर्षी अँटिबॉडीसुद्धा! दहावी नापास लॅब मदतनिसानं. ससा मीच पाळला, मीच टोचला, त्याच्या रक्तातून सीरम मीच काढलं.
काही घराण्यांत आधी कान जातात, मग नजर. त्या माणसांत एक प्रथिन तयारच होत नाही. माझी अँटिबॉडी नेमकी त्याच प्रथिनाला धरते. तिच्यावर चमकणारा रंग चढवला की पेशी हिरवी दिसते. हिरवी — प्रथिन आहे. काळी — नाही. यात तिसरं काही नसतं.

८ जानेवारी
सबा — आमच्या लॅबमधली नवी पीएचडीवाली. सगळ्यांसमोर विचारते, "काका, ज्याच्यात प्रथिन नाहीच, त्याच्या पेशींवर लावून बघितली का?"
माझ्यात चमकली, साहेबांच्यात चमकली, तुझ्यातही चमकेल म्हटलं, कर नाक पुढे! सगळे हसले. ती हसली नाही.

१० जानेवारी
आमच्या पोरीला, वैष्णवीला, हल्ली दोनदा हाक मारावी लागते. दिवस कलला की उंबऱ्याला अडखळते. रेश्माचं एकच — "मामाशीच लगीन केलं मी, म्हणून तर न्हाय ना वो झालं?" बायको माझी सख्खी भाची. आमच्यात असंच करतात.
पोरीच्या नाकातल्या पेशी काढल्या. स्वतः रंगवल्या.
हिरव्यागार! एकही काळी नाही.

११ जानेवारी
घरी सांगून टाकलं — रोग नाही, सोंग आहे. कॉलेज चुकवायचं, काम चुकवायचं. आजपासून हाक एकदाच. ऐकली नाही तर जेवण नाही.

१२ जानेवारी
जेवण नाही.

१५ जानेवारी
तिन्हीसांजेला गच्चीवरचे कपडे आणायला पाठवलं. हातातली बॅटरी काढून घेतली. "बाबा, खरंच दिसत न्हाई." दिसतंय म्हटलं, माझ्याकडं स्लाइड आहे!
जिन्यावरून गडगडत खाली आली. मनगट मोडलं. प्लास्टर.
रेश्मा आता तिला हात धरून नेते. असले लाड माझ्या घरात नाहीत.

२० जानेवारी, सोमवार
दुधनीची नागव्वा लॅबला आली, मुलाला घेऊन. नाव येडू, तिशीचा. ठार बहिरा, आता आंधळाही. त्याची जनुकं पुण्यात तपासून झालीत. त्याच्यात ते प्रथिन बनतच नाही. त्याच्या नाकातल्या पेशी घेतल्या. म्हटलं, सबाचं तोंड एकदाचं बंद करू.
कुंचला नाकाला लागला तसा तो दचकला. नागव्वानं त्याच्या तळहातावर बोटानं काहीतरी गिरवलं, गप्प बसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ल्हानपणी उंबऱ्याला अडखळायचा की. मला वाटायचं, मुद्दाम करतंय. लई मारलं ह्याला मी."

२१ जानेवारी
येडूच्या पेशी. हिरव्यागार. एकही काळी नाही.
पुन्हा रंगवल्या. हिरव्या.
माझी अँटिबॉडी कशालाही चिकटते.
सबाला बोलावून खुर्ची दिली. तिनं बघितलं, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

२२ जानेवारी
गेल्या दिवाळीत हैदराबादच्या एका कंपनीनं माझी अँटिबॉडी साडेचार लाखांना विकत मागितली होती. अट एकच — आधी असल्या रोग्यांच्या पेशींवर ते ती तपासून बघणार. माझ्या हातावर शंका? मी नाही म्हणालो.
तेव्हा तपासू दिली असती, तर पोरीची बॅटरी काढून घ्यायच्या आधीच कळलं असतं.