घरामागं एक कमी

तांडा, बोरी अरबजवळ
आयतवार, ८ डिसेंबर २०२४

अनघाबाई,

जय सेवालाल. मी कोण ते आठवते का, का शीलाले माहा फोटो चिकटवाले सांगू? वीस पानं प्रश्न घेऊन आलती, अन जाताना सोताचा चष्मा आमच्या कोनाड्यात इसरून गेली. साल झालं. लोकायच्या घरात बकऱ्या किती, कोंबड्या किती ते लिहून नेणारी बाई, अन नाकावरचं हरवलं तं पत्ता नाही! ह्या पत्रासंगं फुलसिंगच्या जीपमंधी चष्मा धाडून राह्यली आहे. लावून वाच.

आमी सारे बरे आहो. कापसाचं वेचणं सुरू आहे. माहे गुडघे थकले, जीभ नाही. लिहून राह्यली ते माही नातसून शीला, बारावी पास. म्हणते, "आजी, तुमचं बोलणं मी शुद्ध करून लिहिते." मी म्हटलं, तू अक्षर शुद्ध काढ, बोलणं माहं मले राहू दे.

आता तुह्या फोनचं. परवा तू म्हणली, "धनीबाई, नर्सबाईंच्या लसीच्या यादीत तांड्यातली सत्तावीस लेकरं आहेत, माझ्या कागदात पंधरा. बारा घरं, बारा लेकरं कमी. घरामागं बरोबर एक! चूक अशी शिस्तीत होत नाही." मी हसली. म्हटलं, नर्सबाई जास्तीच्या सुया टोचत असन. तू हसली नाही. म्हणली, कोणत्या तांड्याला अंगणवाडी द्यायची ते माझ्या अभ्यासावरून ठरतंय, तुमची फाईल त्या पंधरावर अडली आहे, शुक्रवारी मीटिंग आहे, कारण लेखी पाहिजे. फोनवरचं फाईलीत बसत नाही.

तं हे लेखी.

पण पहिले दुसरं सांगते. हंसाबाईच्या म्हशीले रेडी झाली. शामनं, म्हणजे शीलाच्या नवऱ्यानं, दारव्ह्याहून मिक्सर आणला, त्याच्या आवाजानं तांड्यातले कुत्रे पळाले. अन मिरच्या औंदा...

शीला म्हणते, "आजी, यादीवर या."

ह्या पोरीचा तुह्यावर वर्षभराचा राग आहे, माहीत आहे का? वेचाले जाते तं ऋचाले बांधावर बाभळीखाली झोळीत ठेवते. ऋचा म्हणजे तिची लेक, तीन वर्षाची. नाव असं ठेवलं का माह्या दातातून निघत नाही. झोळी बांधता बांधता रोज म्हणते, "त्या शहरवाल्या बाईले मोजता आलं नाही, म्हणून माही लेक बांधावर आहे."

मी वर्षभर ऐकून घेतलं.

अनघाबाई, तुले मोजता येते. आमीच सांगितलं नाही. तू आली तवा जवान बाया लेकरायले घेऊन वावरात गेलत्या, घरी आमी म्हाताऱ्या. तू सुखीबाईच्या घरात बसली, अन मी मागच्या दारानं निघून तुह्या पुढं घरोघरी गेली. म्हटलं, लेकरं किती इचारलं तं एक कमी सांगा. मोजलेलं टिकत नाही, असं माही याडी सांगे. (याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. तू लिहून घेतलतं, पण तुह्या डोक्याचा भरोसा नाही.) बाया माहं ऐकतात. माह्या घरात लेकरू एकच. तू इचारलं, "सहा वर्षांच्या आतलं कोणी?" मी म्हटलं, "कोणी नाही."

सोमवार

काल तेवढ्यावर शीलानं पेन खाली ठेवला अन उठून गेली. सांजेपर्यंत भांडे आपटले. भाकर पुढं ठेवली ते बी पाठ फिरवून. शेवटी मीच म्हटलं, इचार. ती म्हणे, "माह्या लेकीले 'नाही' म्हणाले जीभ कशी वळली, आजी?"

तवा सांगितलं, कोणाले न सांगितलेलं. चाळीसेक सालं झाली, शिरगणतीवाला मास्तर आलता. माहे चार होते. मी तोऱ्यात एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजून देले. होळीच्या आधी तिसरी गेली. भुरी. तापानं. बैलगाडी दारव्ह्याले पोचलीच नाही. मोजल्यानं ताप येत नाही, हे मले कळते बाई. कळते पण वळत नाही. तवापासून मी भाकरी बी मोजत नाही.

शीला माह्याजवळ सरकून बसली. मंग म्हणे, "तवा तांड्यात नर्स येत असती तं?"

म्हटलं, "तं भुरी आज तुही आत्तेसासू असती, अन तुले पाणी पाजलं असतं तिनं."

हसली. डोळे पुसत हसली.

अन आज सकाळी तिनं काय डोकं चालवलं! तुह्या कॉलेजात घे तिले. म्हणे, "आजी, लेकरं नका मोजू. वाट्या मोजा." अंगणवाडीत खाऊ खाले वाटी लागतेच. मी पारावर बसली अन हुकूम सोडला: वावरात जायाच्या आधी ज्या-त्या लेकराची वाटी इथं आणून ठेवा. वाटीले कोणाची नजर लागते? बाई, काय धावपळ! स्टीलच्या, जर्मनच्या, एक कान तुटलेला कप, हंसाबाईच्या नातवानं तं परात आणली, खादाड. शाम फोटो काढून राह्यला, शीला वाटीवाटीचं नाव इचारून लिहून राह्यली. नाव सांगाले एक म्हातारी भेली नाही! पाहा, तू "किती" इचारलं, तिनं "कोण" इचारलं. पुढच्या गावात तसं कर. साहेब लोक तुह्या कागदातूनच आमाले पाहतात. कागदात नसलं ते लेकरू त्यायच्यासाठी जन्मलंच नाही.

पण वाट्या भरल्या सव्वीस.

शीला म्हणे, "आजी, एक कमी." साऱ्या म्हाताऱ्या माह्याकडं पाहाले लागल्या. मी शपथ घेतली, ह्या टायमाले मी काही केलं नाही!

तेवढ्यात हंसाबाई हसाले लागली. ऋचा माह्या मांगं उभी, वाटी डोक्यावर उपडी, टोपीवाणी. काढू देईना. ओढली तं बोंबलली. आता वाटी मोजाची तं तिच्याखालचं डोकं बी आलंच.

मी हात ठेवला. साऱ्या पारावर आयकू जाईन असं म्हटलं, "सत्तावीस."

काही झालं नाही. ऋचानं वाटी काढून माह्यापुढं धरली अन म्हणे, "भूक."

नावायची यादी अन वाट्यायचा फोटो जोडला आहे. मीटिंगीत सांग, मोजणारी चुकली नाही, सांगणारी खोटं बोलली. माहं नाव घ्याले लाजू नको. खाली अंगठा माहा आहे, कोणी धरून उठवलेला नाही.

सत्तावीस लेकरायची, आता न भेणारी,
धनीबाई

ता.क. तुही आई पद्मजाबाई यायच्या हातच्या सांभारवड्या (सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर) मागच्या साली तू डब्यात आणलत्या. फुलसिंगची जीप शनिवारी यवतमाळहून निघते, तिच्यात धाड. फाईल हलली तं बी अन नाही हलली तं बी. तिखट कमी टाकाले सांग, लेकरं आहेत. अन इसरू नको, मोजून धाड: अठ्ठावीस. वरची एक माह्या भुरीची.