नवस परत घ्यायला

सूनबाई,

दूध तापवलंय, निवलं की फ्रीजमध्ये ठेव. मी शेजारच्या मास्तरीणबाईंबरोबर डोंगरातल्या नदीकाठच्या देवळाला निघाले आहे, परवा संध्याकाळी येते. गुडघ्याचा पट्टा घेतलाय, तेव्हा तुझ्या नवऱ्याने घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

काल तू फोनवर तुझ्या आईला म्हणालीस, "आता इंजेक्शनं नकोत गं, पण सासूबाईंनी नवस बोललाय ना." मी दाराशीच होते.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, मूल व्हावं म्हणून माझ्या सासूबाईंनी मला त्याच नदीत उभं केलं होतं. बर्फासारखं गार पाणी ते. दात वाजत असताना मी ठरवलं होतं, माझ्या सुनेवर ही पाळी आणायची नाही. आणि तुझ्यासाठी तिथेच नवस बोलून आले, तीही मीच.

लोक नवस फेडायला जातात, मी परत घ्यायला जातेय. देव रागावला तर माझ्यावर रागावेल, आमची जुनी ओळख आहे.

शुक्रवारची डॉक्टरांची वेळ ठेवायची की नाही, ते तू ठरव. कोणी विचारलंच, तर सासूने नको म्हटलं म्हणून सांग.

— आई