सीट आपोआप पुढे सरकते

दि. ३ फेब्रुवारी

श्री. गॅरेजमालक यांस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल. नसलं तरी पत्राच्या पहिल्या ओळीत तसंच धरून चालायचं असतं.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून आपण पाकीट उलटंसुलटं करून बघाल. फोन केला असता. पण माझा नंबर बघून आपण उचलला नसतात, आणि उचलला असतात तर माझीच पंचाईत झाली असती. घरी न पाठवता मुद्दाम गॅरेजच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण विषय निव्वळ तांत्रिक आहे. मागे आपल्यात जे झालं त्यात मला शिरायचं नाही.

नवीन गाडी घेतली आहे. लहानशीच. दोघं आरामात बसतात, तिसऱ्याला गुडघे हनुवटीशी घ्यावे लागतात. कंपनी म्हणते, लिटरला चोवीस किलोमीटर जाईल. कंपनीचं मी कशाला ऐकतोय? मी एकवीस धरले होते आणि पहिल्या तीन टाक्यांना बरोबर एकवीस मिळाले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे आपल्या ताईला कळवू नये.) चौथ्या टाकीला अ‍ॅव्हरेज अठरावर आलं. पाचव्या टाकीला पंधरा. परवा तेरा!

मी काय काय करून बघितलं ते आधीच सांगतो, म्हणजे आपला वेळ वाचेल. चाकांतली हवा दर सोमवारी स्वतः तपासतो. एसी लावत नाही; ताई वर्तमानपत्रानं वारा घेते. डिकीतून सतरंजी, छत्री, पाण्याचा कॅन, सगळं वजन काढून टाकलं. त्यावर ती म्हणाली, "मलाही उतरवा की मग. अठ्ठावन्न किलो आहे." मला हसता आलं नाही, कारण तो आकडा क्षणभर माझ्याही मनात येऊन गेला होता. 'ब्रेक म्हणजे पेट्रोल' हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की आता जिना उतरतानाही ती ते मला ऐकवते.

पंपावर संशय येणं साहजिक आहे. पण मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. मला पाहून बाजारातले तराजू सावधानमध्ये उभे राहतात. पाच लिटरचं सरकारी माप घेऊन मी पंपावर गेलो. थेंब इकडचा तिकडे नाही. मॅनेजर म्हणाला, "साहेब, माझं माप बरोबर निघालं तर तुमचा चेहरा का पडला?"

आणखी दोन दोष आढळले आहेत. एक, सीट आपोआप पुढे सरकते. संध्याकाळी बसायला गेलो की गुडघे स्टिअरिंगला आपटतात. दोन, आतला आरसा खाली कलतो आणि मागचा रस्ता दिसण्याऐवजी मागची सीट दिसते. कंपनीच्या वर्कशॉपमधले टायवाले गृहस्थ म्हणाले, "सर, सीट आपोआप पुढे जात नसते." मी म्हणालो, "अ‍ॅव्हरेज आपोआप मागे जातं, मग सीटनं काय घोडं मारलंय?" त्यावर त्यांनी मला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

सीटचा आणि अ‍ॅव्हरेजचा काही संबंध असू शकतो का? नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, म्हणून तुला विचारतो. म्हणजे आपल्याला विचारतो.

आपला,
निरीक्षक, वजनमापे


दि. १६ फेब्रुवारी

उस्ताद,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे माझंच पत्र परत मिळालं, मागच्या कोऱ्या बाजूवर तेलाचा अंगठा आणि चार शब्द: "गाडी कोण कोण चालवतं?" अख्खा रस्ता तुला उस्ताद म्हणतो ते उगाच नाही. चार शब्दांत माणसाचा पाणउतारा करायला उस्तादच लागतो.

कोण चालवणार? मी एकटा. ताईला येत नाही, आणि घरात तिसरं माणूस नाही.

तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी ऑफिसच्या जीपनं बाजार फिरतो, गाडी दिवसभर दारात उभी असते. म्हणून सोमवारी निघताना मीटरवरचा आकडा तळहातावर लिहून घेतला आणि संध्याकाळी आल्यावर पाहिला. सहा किलोमीटर जास्त! मंगळवारी पुन्हा सहा. बुधवारी सात.

दारात उभी राहून गाडी सहा किलोमीटर जाते. भूतबित मी मानत नाही. चोर म्हणावं, तर गाडी नेऊन, परत आणून, त्याच झाडाखाली लावून जाणारा चोर मला अजून भेटायचाय.

मग बसलो नकाशा घेऊन. तीन किलोमीटर जायला, तीन यायला. परकारानं वर्तुळ काढलं. त्या वर्तुळात एक शाळा, एक लाकडाची वखार, पाण्याची टाकी आणि एक मोठं रुग्णालय आलं. तिथं मी परकार खाली ठेवला.

ताई हल्ली दुपारी फोन उचलत नाही. विचारलं तर म्हणते, "डोळा लागला होता." ती दुपारी झोपणारी बाई नाही, हे तुला मी सांगायला नको. तळहात लाल असतात. परवा जेवताना तिचा डावा पाय टेबलाखाली आपला वरखाली, वरखाली. मी विचारलं, "पायाला काय झालंय?" तर म्हणाली, "कुठं काय?" आणि पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. कुणीतरी तिला आपल्याच गाडीतून रुग्णालयात नेत असणार, आणि ती मला सांगत नाही. का सांगेल? या तीन वर्षांत तिनं मला जे जे सांगितलं त्याचं मी काय केलं, ते तिला ठाऊक आहे.

जुन्या गाडीच्या पाण्याच्या पंपाचा विषय मी काढणार नव्हतो, आणि काढलेला नाही.

तुम्ही भावंडं फोनवर बोलता हे मला माहीत आहे. मी खोलीत आलो की ती "बरं, ठेवते" म्हणते. तेव्हा तुला ठाऊक असणार. ती बरी आहे ना? माझं बाकी सगळं बाजूला ठेव, एवढं सांग.

सीटचा खटका मी उद्याच दुरुस्तीला देतोय. निदान एक तरी कोडं सुटेल.

पार गोंधळलेला,
तुझ्या ताईचा नवरा


दि. ५ मार्च

उस्ताद,

"ताई ठणठणीत आहे. सीटला हात लावू नका. दुपारी घरी जा." म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं! माझं पहिलं पत्र वाचून तू गाडीखाली आडवा पडून हसला असशील.

गेलो दुपारी घरी. दारात गाडी नाही, घरात ताई नाही. समोरच्या इमारतीत एक बाई राहतात, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान खिडकीतून म्हणाले, "दोघी गेल्या की मैदानावर, रोजच्यासारख्या." रोजच्यासारख्या! अख्ख्या गल्लीला माहीत, आणि शहराची मापं काढणाऱ्या माणसाला पत्ता नाही.

पाण्याच्या टाकीमागचं मैदान. माझी गाडी त्यात आचके खात फिरत होती. पहिल्या गिअरमध्ये इंजिन असं बोंबलत होतं की पेट्रोल टाकीतलं नव्हे, माझ्या रक्तातलं जळतंय असं वाटत होतं. शेजारी बसलेल्या बसबाईंचा आवाज पार टाकीपर्यंत येत होता, "सोड, क्लच सोड! नवरा आहे का तो, इतका धरून ठेवलायस?"

मी टाकीच्या खांबाआड उभा राहिलो. गाडी सहा वेळा बंद पडली. सातव्या वेळी निघाली, वळली, दुसरा गिअर पडला, आणि मी टाळ्या वाजवल्या. लपलेल्या माणसानं टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मला नंतर सुचलं.

ताईनं गाडी आणून समोर उभी केली आणि काच खाली केली.

"किती देतेय?"

"काय?"

"अ‍ॅव्हरेज हो."

"तेरा."

"आता अकरा धरा. मला रिव्हर्स शिकायचाय."

घरी आल्यावर मी म्हणालो, "मला सांगायचंस ना. जिथं जायचं असेल तिथं मी नेलं असतं."

"भावाकडं जायचंय. नेता?"

मी चपला काढायला वाकलो.

"माझी गाडी त्याच्या दारात परत जाणार नाही, असं म्हणाला होतात. ती जुनी गाडी होती. हिनं कुठं शपथ घेतलीय?"

"मग बसनं जायचं होतंस. मी काय पाय बांधून ठेवले होते?"

"बसनं गेले तर नवऱ्याला चोरून आलेली बाई दिसेन. मला ही गाडी त्याच्या गॅरेजसमोर उभी करायचीय. दिवसभर. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी." मग ती थांबली आणि तुझ्यासारखंच अगदी मोजकं बोलली. "वजनमापंवाला माणूस म्हणाला की याचं काम खोटं. वर घरचा जावई. त्यानंतर त्याच्याकडं कोण गाडी टाकेल? दोन कारागीर होते, दोघंही गेले. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. विचारलं नाही म्हणून माहीत नव्हतं.

आता ते लिहितो, जे पहिल्या पत्रापासून टाळतोय. खरं तर पहिलं पत्र अ‍ॅव्हरेजसाठी लिहिलं की याच्यासाठी, हेही आता सांगता येत नाही.

तू जुन्या गाडीला नवीन पंप बसवलास. निघताना म्हणालास, "दाजी, रेडिएटर झिरपतोय, तो बदलेपर्यंत रोज सकाळी पाणी बघा." मी एकदाही बॉनेट उघडलं नाही. पाचव्या दिवशी इंजिन भर रस्त्यात जाम झालं. गाडी ओढत तुझ्या दारात आणली आणि तुझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की जुनाच पंप रंग मारून बसवलास. तू हातातलं फडकं खाली ठेवलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढे गाडी भंगारात काढली. भंगारवाल्यानं माझ्यादेखत इंजिन खोललं, पंप काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा तर नवाकोरा आहे. पाणी कुणी बघत नव्हतं का हो?" ही गोष्ट सव्वा वर्षापूर्वीची. सव्वा वर्ष मी ती पोटात घेऊन फिरतोय. दुकानदाराचं माप चुकलं तर मी उभ्या उभ्या नोटीस काढतो. स्वतःवर नोटीस काढायचा फॉर्म आमच्या खात्यात नाही, असं मनाला सांगत राहिलो.

ताईला यातलं काही माहीत नाही. भाऊ खरा, हे तिनं पुराव्याशिवाय धरलं होतं. पुरावा माझ्याकडे होता. तिला आधी सांगावं की तिनं सगळ्यांबरोबर ऐकावं, ते मला ठरवता येत नाही. आधी सांगितलं तर मला न घेताच निघेल, आणि तिची चूक म्हणता येणार नाही.

कारण मीही येतोय. तिला विचारलं. म्हणाली, "या. पण शेजारच्या सीटवर. ब्रेकबद्दल एक अक्षर काढलंत तर वाटेत उतरवीन."

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी निघू. तोवर रिव्हर्स जमेल, असं बसबाई म्हणतात. तू मला एवढंच कळव की त्या दिवशी तुझ्या गॅरेजपुढे जास्तीत जास्त माणसं किती वाजता असतात. मी पंपाबद्दल बोललो तेव्हा आठ माणसं होती. तितकी आता जमत नसतील तर शेजारच्या दुकानांतली बोलावून घे. काय बोलायचं ते मी चारदा लिहून काढलं. चारही वेळा शेवटाला येईपर्यंत चूक थोडी तुझी निघाली. म्हणून कागद आणणार नाही. जे सुचेल ते बोलेन, आणि मी मध्येच 'पण' म्हणालो तर तू सरळ कामाला लाग.

पत्राखाली कोणत्या नात्यानं सही करावी, कळत नाही. तू मला दाजी म्हणायचास. तो शब्द आपणच आपल्याला लावून घेणं बरं दिसत नाही, म्हणून जागा कोरी सोडतो.

तुझा,
......................